उंबऱ्यापासून खाटेपर्यंत

मोरगावात मध्यरात्री एखाद्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या, की पहिला हिशेब होतो तो अंतराचा. सुपे बरे की जेजुरी? बारामती सुमारे ३५ किलोमीटर, पुणे ६५च्या आसपास. १०८ला फोन जातो, आशाताईंना उठवले जाते, पिशवीत धुतलेली जुनी लुगडी भरली जातात. मग सगळ्यांच्या ओळखीचे प्रश्न येतात. डॉक्टर हजर असतील ना? सिझर करावे लागले तर भूलतज्ज्ञ मिळेल का? रक्त कुठून आणायचे?

हे प्रश्न रास्त आहेत. पण ती पोहोचणार आहे ती इमारत कशी आहे, हे कुणी विचारत नाही. रुग्णवाहिकेतून उतरल्यावर तिला किती पायऱ्या चढाव्या लागतील? सिस्टरांच्या टेबलावरून तिची खाट दिसेल का? हात धुवायचा नळ प्रसूतिकक्षातच आहे की वऱ्हांड्याच्या टोकाला? रात्री उठून संडासाला जाताना भिंतीला धरायला काही आहे का? वीज गेली, धूर झाला, तर खाट दारातून बाहेर निघेल का? डॉक्टरांचा हात लागण्याआधीच या गोष्टींनी तिच्या बाजूने किंवा तिच्या विरुद्ध काम सुरू केलेले असते.

इमारत आणि माणसांची वर्दळ यांचा संबंध मोरगावला नवा नाही. मयूरेश्वराच्या देवळाला उंच तटबंदी आहे, चार कोपऱ्यांना चार मिनार आहेत आणि आत मोकळा प्राकार आहे. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी येते, तेव्हा गाव माणसांनी भरून जाते. रांग कुठून लावायची, म्हाताऱ्यांना कुठे बसवायचे, बाहेर पडायची वाट कोणती, याचा विचार तेव्हा गावकरी आपणहून करतात. हाच विचार दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपण नकाशा काढणाऱ्यावर आणि ठेकेदारावर सोडून मोकळे होतो.

इमारत रोग्याला मारू शकते, हे आकडे मांडून दाखवणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आधी घ्यावे लागते. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची सेवा करायला तुर्कस्तानातल्या स्कुटारी इथे गेल्या. तिथली बराक म्हणजे तुंबलेल्या गटारांवर उभी असलेली, कोंदट, खच्चून भरलेली वास्तू. १८५५च्या फेब्रुवारीत तिथल्या मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण २ टक्क्यांवर आले. औषधे जवळपास तीच होती आणि वैद्यही तेच. पुढे मायदेशी परतल्यावर आकडे जुळवताना नाइटिंगेलबाईंना या घसरणीचा अर्थ उमगला आणि १८५९ साली त्यांनी रुग्णालयांच्या बांधणीवर पुस्तकच लिहिले. लांब दालन, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या आणि एका नजरेत सगळ्या खाटा दिसतील अशी परिचारिकेची जागा, असा वॉर्ड जगभर गेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यात विषय असे ते खेड्यापाड्यांतल्या स्वच्छतेचे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली पुण्यात उभे राहिलेले ससून रुग्णालय याच काळातले. त्याची जुनी दगडी इमारत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उंच छत म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही.

नंतर विजेचे पंखे आले, प्रतिजैविके आली, वातानुकूलन आले. खिडकीची गरज संपली, असे वाटू लागले. छते खाली आली.

ती गरज संपली नव्हती, हे दाखवणारी एक पाहणी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात झाली आणि २००७ साली प्रसिद्ध झाली. लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांमध्ये संशोधकांनी खोल्याखोल्यांतून हवा मोजली. खोलीतली सगळी हवा तासाभरात किती वेळा बदलते, हे त्यांना पाहायचे होते. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांमध्ये ती १२ वेळा बदलत होती, म्हणजे अगदी नियमाबरहुकूम. दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. आणि पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तब्बल ४० वेळा. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. त्यामुळे संशोधकांनी पुढचा हिशेब मांडला. क्षयरोग्याबरोबर २४ तास काढले, तर यंत्राच्या खोलीत शंभरातल्या ३९ जणांना संसर्ग होईल, नव्या खिडक्यांच्या खोलीत ३३ जणांना आणि जुन्या खोलीत ११ जणांना.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातल्या वाचकाने हे आकडे मनात ठेवून आपल्या ओळखीचा दवाखाना डोळ्यांसमोर आणावा. जुन्या बांधणीत भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके असत. गरम हवा वर चढते, ती तिथून निघून जाई. आता सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या जातात. त्या दिसायला नेटक्या, पुसायला सोप्या. पण सरकती खिडकी कितीही उघडली तरी तिचा निम्मा भाग बंदच राहतो, कारण एक तावदान दुसऱ्यावर सरकते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. सहा फुटी खिडकीचे पैसे मोजून तीन फूट हवा घेतली, हे दवाखान्यापुरते तरी परवडणारे नाही.

हवेइतकाच उन्हाचा प्रश्न. चैत्र-वैशाखात या भागात पारा चाळिशीपार जातो आणि स्लॅबच्या खालचा वरचा मजला भट्टीसारखा तापतो. अहमदाबादेत २०१० सालच्या मे महिन्यात उष्णतेची लाट आली. तिथल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात प्रसूतीचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. उन्हाने आजारी पडलेली नवजात बाळे अतिदक्षता विभागात येऊ लागली. नंतर तो वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला. अभ्यासकांनी पुढच्या उन्हाळ्यांशी तुलना केली, तेव्हा वॉर्ड खाली आणण्याशी अशा बाळांच्या भरतीत झालेली ६४ टक्क्यांची घट जोडलेली दिसली. यात नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. फक्त खाटा खाली आणल्या. जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रावर दुसरा मजला चढवण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा वर काय न्यायचे हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. वर कार्यालय जावे, नोंदवह्या जाव्यात, बैठकीची खोली जावी. बाळंतिणी जाऊ नयेत.

खिडकीतून नुसते काय दिसते, यानेही फरक पडतो का? रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाला हा प्रश्न पडला. त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रे काढली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी निवडले. वय, लिंग, सवयी जुळतील अशा २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयी रडवेपणाचे, कुरकुरीचे शेरे कमी होते. हा निबंध १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आला.

४६ रोग्यांवर सगळा डोलारा उभा करू नये, हे खरे. झाड हे काही औषध नव्हे. पण त्या निबंधानंतर रुग्णालयाच्या बांधणीकडे पुराव्याच्या नजरेने पाहण्याची एक नवी शाखाच सुरू झाली. आणि आपल्याकडे झाड लावायला वेगळा निधी लागत नाही. बहुतेक जुन्या दवाखान्यांच्या आवारात कडुलिंब किंवा चिंच आधीपासून उभी असते. गाडीतळासाठी ती तोडण्याआधी वॉर्डातल्या कोणत्या खाटेवरून ती दिसते, एवढे कुणीतरी आडवे होऊन पाहावे.

उन्हाने बाळांना आजारी पाडले तसे उन्हाने बाळांना वाचवलेही आहे, आणि ती गोष्ट एका परिचारिकेच्या डोळ्यांची आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचे रुग्णालय होते. १९५६च्या उन्हाळ्यात तिथल्या वॉर्ड आडनावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबदार दिवशी अंगणात घेऊन जात. मोकळी हवा बाळांना मानवते, असा त्यांचा अनुभव. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. कावीळ झालेले ते बाळ सगळीकडे फिकट झाले होते, फक्त चादरीचा कोपरा जिथे पडला होता तिथली तिकोनी जागा पिवळीधमक राहिली होती. त्या तिकोनातून शोध पुढे गेला आणि १९५८ साली प्रकाशाने कावीळ उतरवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आज बारामतीत काय, कुठल्याही नवजात शिशू कक्षात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याचे मूळ हे आहे. ते घडायला दोन गोष्टी लागल्या. वॉर्डाला लागून अंगण होते, आणि जिला दिसले तिचे म्हणणे डॉक्टरांनी ऐकले.

ही दुसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात दुर्मिळ आहे. दवाखान्याचा आराखडा होतो तेव्हा टेबलाभोवती अभियंता असतो, अधिकारी असतो, कधी लोकप्रतिनिधीही असतो. सिस्टर नसतात. आया नसते. वॉर्डबॉय नसतो. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांमध्ये झालेल्या एका अभ्यासात परिचारिका दहा तासांच्या पाळीत दीड ते आठ किलोमीटर चालतात असे आढळले. हे चालणे औषधाच्या कपाटापर्यंत, नळापर्यंत, फोनपर्यंतचे असते. तेवढा वेळ त्या रोग्याजवळ नसतात. कपाट कुठे ठेवायचे हे ठरवताना त्यांना विचारले असते तर त्यांनी बोट दाखवून सांगितले असते.

नळाचेच पाहू. हात न धुतल्याने संसर्ग पसरतो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असते. तरी हात धुतले जात नाहीत, तेव्हा दोष आळसाला दिला जातो. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दीदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. गजबजलेल्या वॉर्डात दर रोग्यामागे बेसिनपर्यंत जाऊन नीट हात धुवायचे म्हटले, तर पाळीतला फार मोठा वेळ त्यातच जाईल. म्हणून त्यांनी बेसिनच जणू खाटेपाशी आणले. हात निर्जंतुक करणाऱ्या द्रावाच्या बाटल्या खाटाखाटांना लावल्या आणि त्याच्या जोडीला भित्तिपत्रकांची मोहीम चालवली. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले. माणसे तीच होती, बाटलीची जागा बदलली होती. मोरगावसारख्या गावात इंजेक्शनच्या खोलीत बेसिन आहे का आणि त्याचा नळ कोपराने बंद होतो का, या दोन गोष्टी त्यामुळे डॉक्टरांच्या पदवीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

औषधाच्या खिडकीपाशी उजेड किती, हाही असाच दुर्लक्षित प्रश्न. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात औषधे देताना होणाऱ्या चुका मोजल्या गेल्या. मंद उजेडात त्या ३.८ टक्के होत्या, भरपूर उजेडात २.६ टक्के. एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, बारीक छापील अक्षरे आणि वर मिणमिणती ट्यूब, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुणालाही अनोळखी नाही.

आणि संडास. दवाखान्यात पडून हाड मोडणे हे उतारवयातल्या रोग्यांवरचे मोठे संकट, आणि खाट ते संडास ही वाट त्यात सगळ्यात धोक्याची. घरी आजीला अंधारातही पाऊल कुठे टाकायचे ते माहीत असते. इथे खाट उंच, फरशी गुळगुळीत आणि ओली, उंबरा अनपेक्षित, हातात सलाईनची बाटली. आत गेल्यावर खाली बसायला आणि उठायला धरायला काही नाही. भिंतीत एक स्टीलचा दांडा बसवायला किती खर्च येतो, हे कुठल्याही प्लंबरला विचारावे. दाराचेही तसेच. ते आत उघडणारे असेल आणि रोगी आत घेरी येऊन पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते फोडावे लागते. बाहेर उघडणारे दार अशा वेळी जीव वाचवते. फरक फक्त बिजागरी कुठल्या बाजूला लावली याचा.

महाराष्ट्रात एका दवाखान्याने या सगळ्याची सुरुवातच उलट्या टोकाने केली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे शोधग्राम वसवताना रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी गोंड आदिवासींनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. लोकांना मोठ्या इमारतींची भीती वाटत होती, आत वाट चुकते म्हणून. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरे कापड तर प्रेतावर घालायचे. नातेवाइकांना बाहेर काढतात, मग रोगी परक्यांत एकटा पडतो. आणि जिथे आपला देव नाही तिथे बरे कसे व्हायचे? त्यामुळे शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांसारखे, एका गावासारखे उभे राहिले. रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल अशी सोय झाली. देवी दंतेश्वरीच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले, ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.

शहरी वाचकाला ही भावनेची बाब वाटेल. ती सुरक्षिततेचीही बाब आहे. जो घाबरून दवाखान्यात येतच नाही, त्याच्यासाठी आतली सगळी यंत्रे व्यर्थ असतात. आणि आपल्या देशात नातेवाईक हा पाहुणा नसतो. सलाईन संपत आल्याचे सिस्टरना तोच सांगतो, रोग्याला उठवून तोच बसवतो, घास तोच भरवतो, रात्रभर जागतो तोही तोच. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतात तिथे हा माणूस उपचार करणाऱ्या चमूचा सदस्यच असतो, आणि नकाशात त्याला बसायला स्टूलभर जागा नसते. तो मग खाटेखाली चटई टाकतो, जिन्यात झोपतो, वाट अडवतो. गर्दीचा दोष त्याच्या माथी येतो.

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखले होते. देहू, आळंदी, पंढरपुरात वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. त्यांच्या लेखी दोन्हीकडची माणसे सारखीच होती, घरापासून दूर, काळजीत आणि रात्रीच्या आसऱ्याच्या शोधात. मोरगावला भक्तनिवास समजतो. बारामतीच्या दवाखान्यात सून दाखल आहे आणि सासू बाहेरच्या कट्ट्यावर रात्र काढते आहे, तिच्यासाठीही तसेच छप्पर हवे.

आता या विषयाचा सगळ्यात कठीण भाग. तो टाळून हे प्रकरण लिहिता येणार नाही.

९ जानेवारी २०२१ची रात्र. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात १७ बाळे होती. मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास कक्षातून धूर येताना दिसला. कक्षाचे दोन भाग होते, एका भागात याच रुग्णालयात जन्मलेली बाळे आणि दुसऱ्यात बाहेरून आणलेली. सात बाळांना बाहेर काढता आले. दहा बाळे गेली. त्यांतली तीन होरपळून गेली आणि सात धुराने गुदमरून.

तीन आणि सात हे प्रमाण प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवावे. रुग्णालयातल्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर जास्त जीव घेतो. अशा कक्षाला दारे-खिडक्या घट्ट बंद असतात. हवेत प्राणवायू जास्त असतो, आणि जास्त प्राणवायूत ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. गाद्या, नळ्या, पाळण्याची तावदाने प्लास्टिकची असतात, त्यांचा धूर विषारी असतो. वॉर्मर, मॉनिटर, पंप अहोरात्र चालू असतात आणि त्या सगळ्यांचा भार वायरिंगवर येतो. आणि आतला रोगी स्वतःहून एक पाऊलही टाकू शकत नाही. म्हणून धूर लागताच ओरडणारे यंत्र, धूर बाहेर ओढणारी वाट आणि आग एका भागातून दुसऱ्यात जाऊ न देणारे दार, या तीन गोष्टी अशा खोलीत व्हेंटिलेटरइतक्याच आवश्यक असतात.

भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. पण त्याच वर्षाने पुन्हा पुन्हा तेच दाखवले. मार्चमध्ये मुंबईत भांडुपला एका मॉलमध्ये आग लागली. त्याच मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होते. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, दाब घसरला आणि २२ रोगी दगावले. तिथे आग नव्हती. सगळ्या खाटांचा श्वास एका टाकीवर आणि एका नळीवर टांगलेला होता. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी १३ जण गेले. ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ जण गेले.

यंत्रणा बंद पडली, वायर जळाली, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते आणि ते खरेही असते. पण वायर कुठेही जळू शकते. वायर जळाल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय होईल, ते इमारत ठरवते. कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ रोजी आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांवर पोहोचल्याही नव्हत्या. धूर मात्र पोहोचला, आणि दर्शनी काच सगळीकडून बंद असल्याने तो आतच कोंडला. नव्वदच्या आसपास माणसे गेली. काचेने मढवलेले दवाखाने आता तालुक्याच्या गावांतही उभे राहत आहेत आणि त्यांचा दिमाख लोकांना आवडतो. त्या काचेतला कोणता भाग आतून उघडतो, हा प्रश्न दाखल होण्याआधी विचारायलाच हवा.

खाटेवरच्या रोग्याला आगीतून वाचवायचे तर त्याला जिन्याने चार मजले खाली नेणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जाणकार सांगतात ते वेगळेच आहे. त्याच मजल्यावर दोन स्वतंत्र भाग करावेत, मध्ये आग अडवणारे दार असावे आणि खाट ढकलत पलीकडच्या भागात न्यावी. त्यासाठी दार खाटेहून रुंद हवे आणि दोन स्ट्रेचर समोरासमोर जातील एवढा वऱ्हांडा हवा. राष्ट्रीय इमारत संहिता रुग्णालयाच्या वऱ्हांड्यासाठी २.४ मीटर रुंदी सांगते. ती कागदावर असतेही. मग तिथे जुनी कपाटे येतात, मोडक्या खाटा येतात, लसींचे रिकामे खोके येतात, बाकडी येतात. २.४ मीटरचे १.२ मीटर कधी झाले, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रॅम्पवर दुचाकी उभ्या राहतात. मागच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप लागते आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाच्या खिशात घरी जाते.

यातले बरेचसे दुरुस्त करायला नवी इमारत लागत नाही. केंद्र सरकारची ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून स्वच्छ आणि नेटक्या सरकारी रुग्णालयांना बक्षिसे देते. ‘लक्ष्य’ या कार्यक्रमाने २०१७ पासून प्रसूतिकक्षाकडे लक्ष वळवले. खाटांमध्ये पडदा, हाताशी नळ, बाळंतिणीजवळ तिचे माणूस, बाळाला ऊब देण्याचा कोपरा त्याच खोलीत, असे त्याचे आग्रह आहेत. आधी याच गोष्टींना चैन समजले जाई. आता त्या गुणांकनात मोजल्या जातात, हा मोठा बदल आहे. पण गुण तपासायला बाहेरची माणसे वर्षातून एखादा दिवस येतात. रुग्णालय रोज वापरतात ती गावातली माणसे.

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समितीची तरतूद आहे. तिच्या पुढच्या बैठकीत मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूर, जिथे कुठे आपण राहतो तिथल्या सदस्यांनी एवढे करावे. बैठक खोलीत न घेता चालत घ्यावी. फाटकापासून सुरुवात करावी, चाकाच्या खुर्चीवर एकाला बसवावे, आणि सोबत सिस्टर, आया आणि रात्रपाळीचा वॉर्डबॉय असावा. खुर्ची जिथे अडेल तिथे खडूने खूण करावी. संडासाचे दार कुठे उघडते ते पाहावे. मागच्या दाराची किल्ली मागावी आणि ती मिळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघावे. सिस्टरना एकच प्रश्न विचारावा: ‘इथली कोणती वस्तू कुठे असायला हवी होती?’

आणि आणखी एक. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा घ्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. आपले माणूस जिथे दाखल करायचे त्या रुग्णालयात, सरकारी असो वा खासगी, दर्शनी भागात तो लावलेला आहे का ते पाहा. नसेल तर तो दाखवायला सांगा.